काचेवरचा डाग

"अजून किती घासशील रे, गुण्या? काचेला भोक पाडशील!"

"मग काय थिनर लावू? प्लास्टिक आहे ते, भिवा. पांढरंफटक पडेल."

"तीन आठवडे हेच ऐकतोय!"

भिवाची टॅक्सी भंगारात गेली, तेव्हा तिचं वीतभर मॉडेल बनवून द्यायचं गुणाजीने कबूल केलं होतं. चाळीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवलेला हात, पण आता थरथरायचा. पुढची काच बसवताना ग्लूचं बोट लागलं आणि काचेवर धुरकट डाग उमटला. तेव्हापासून मुंबईत घोडपदेवच्या चाळीतल्या आपल्या खोलीत तो जुन्या बनियनच्या चिंधीवर टूथपेस्ट घेऊन काच घासत होता. हलक्या हाताने, गोल गोल, खांदे भरून येईपर्यंत.

"मला नाशिकला लेकाकडे कायमचं जायचंय, बाबा. गाडी हातात पडल्याशिवाय हलणार नाही म्हणालो, ते चुकलंच माझं. डागासकट दे!"

"डागाची काच घेऊन स्टँडवर उभा राहिलायस कधी?"

भिवाने गाडी सरळ काढूनच घेतली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. रोज सकाळी वर्तमानपत्राने टॅक्सीची काच पुसणारा माणूस तो. त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? काच लख्ख होती; डाग मागच्या मंगळवारीच गेला होता.

"गुण्या," भिवाचा आवाज एकदम खाली आला, "कुठाय रे डाग?"

गुणाजीने चिंधीची घडी घातली, पायांत चपला सरकवल्या आणि गॅलरीत निघून गेला.