मॅडम स्वल्प मुंदे

वासुदेव देवतळे विमानांचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात होता. दुसऱ्याने ‘ठीक आहे’ म्हणून पुढे पाठवलेला भाग हातात घ्यायचा आणि तो ठीक नाही असं धरून चालायचं, हे त्याचं काम. ते तो चोख करी. अडचण अशी, की संध्याकाळी कारखान्याची बस त्याला जे. पी. नगरला सोडून गेली तरी काम सुटत नसे. दूधवाल्याने माप जरा लवकर उचललं की त्याची मान वळे. रिक्षा नेहमीचा रस्ता सोडून आत शिरली की तो सीटच्या कडेला येऊन बसे. त्यातून तो मूळचा नागपूरचा. बंगळुरात इतकी वर्षं काढून त्याला कन्नड म्हणून जे येई ते म्हणजे बेकु, बेडा, सरी, स्वल्प, हिंदे, मुंदे; हवं, नको, बरं, थोडं, मागे, पुढे, एवढंच. समोरची दोन माणसं न कळणाऱ्या भाषेत बोलून हसली, की ती आपल्यालाच हसली असं तो धरून चाले.

बायको सुखदा मात्र इथलीच. तिच्या माहेरच्यांना या गावात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या घरी मराठीच बोलत, पण वाक्याचं शेपूट कधी कन्नडमध्ये जाई ते कुणाच्या लक्षातही येत नसे. सुखदा एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. लहानपणी ती अलसूरच्या तलावावर पोहून आंतरशालेय स्पर्धा जिंकली होती. लग्नानंतर पोहणं सुटलं होतं, त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती.

पंचाण्णव साली डॉक्टरांनी वासुदेवला रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि सायकल चालवा म्हणून सांगितलं. गोळीवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने सायकल घेतली. सुखदाने पुन्हा पोहायला सुरुवात केली. कनकपुरा रस्त्यावर रविवारी सायकलवाल्यांचा एक गट जाई, त्यात दोघं जाऊ लागली. गटाचा सगळा कारभार जितेंद्र नावाचा पुण्याचा तरुण इंजिनियर पाही. त्यानेच पुढच्या वर्षी एक शर्यत काढली. तळ्यात दोन किलोमीटर पोहायचं, लगेच सायकलवर नव्वद किलोमीटर आणि उतरलं की एकवीस किलोमीटर पळायचं. नवरा-बायकोंसाठी वेगळा गट होता. दोघांचा वेळ एकत्र धरणार, पण दोघंही शेवटपर्यंत पोचली तरच.

“नाव देऊ या का?” सुखदाने विचारलं.

“त्यात त्यांचा काय फायदा?” वासुदेव म्हणाला. पण दोन दिवसांनी त्यानेच नावं दिली.

सराव सुरू झाल्यावर एक गोष्ट उघड झाली. सुखदा तिन्ही प्रकारांत त्याच्यापेक्षा चांगली होती, आणि नुसती थोडीथोडकी नाही. एका रविवारी कनकपुरा रस्त्यावर ती पुढे निघून गेली. वासुदेव चहाच्या टपरीवर पोचला तेव्हा गटातल्या कुणीतरी सांगितलं, “वहिनी कधीच्या गेल्या, आता परतीला लागल्या असतील.” त्याने रस्त्यावर एक टेम्पो थांबवला, सायकल मागे टाकली आणि घरी आला. सुखदा आली तेव्हा तो पेपर वाचत होता. तिने विचारलं तर म्हणाला, “गुडघा दुखत होता.” गुडघा दुखत नव्हता हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे त्यालाही.

शर्यतीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना रस्ता दाखवायला नेलं. तळं शहराबाहेर, हेब्बाळच्या बरंच पुढे होतं. तिथून सायकली बळ्ळारी रस्त्याने उत्तरेला जाणार, नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी वळणार आणि आतल्या गावांमधून गोल फिरून तळ्यावर परतणार. पळण्याचा रस्ताही तसाच, त्यातल्याच काही गावांतून गोल. एके ठिकाणी सुखदाने सायकल थांबवली. डाव्या हाताला एक कच्चा रस्ता द्राक्षांच्या मळ्यांतून आत जात होता. गवत कापणाऱ्या बाईला तिने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. बाईने हात लांब करून उत्तर दिलं, आणि दोघी हसल्या.

“काय विचारलंस?”

“हा रस्ता कुठे जातो ते. सरळ पलीकडच्या गावात निघतो म्हणे. निम्मा फेरा वाचतो.”

“आणि हसलात कशाला?”

“ती म्हणाली, मग तुम्ही शहाणी माणसं लांबून कशाला जाता?”

वासुदेव हसला नाही. तो रस्ता त्याने नीट पाहून ठेवला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तळ्याकाठी मांडव घातला होता. रस्त्यावरच्या चौक्यांवर उभी राहणारी कॉलेजची मुलंमुली आली होती. जितेंद्र नियम सांगत होता. ते संपल्यावर वासुदेवने पाहिलं, सुखदा त्या मुलांकडे गेली. एकेका घोळक्यापाशी थांबून ती हळू आवाजात कन्नडमध्ये काही सांगत होती. मुलं ऐकत होती, मग वळून त्याच्याकडे बघत होती आणि मान डोलावत होती. शेवटच्या चौकीवरची मुलगी तर हसून तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

“काय बोलत होतीस?”

“पाण्याचं. पाणी गार ठेवा म्हटलं.”

एवढ्यासाठी सगळ्यांनी आपल्याकडे का बघावं, हे त्याला कळेना. परतताना गटाच्या मॅटॅडोरमध्ये तो सुखदाच्या मागच्या सीटवर बसला. ती जितेंद्रशी पोहण्याच्या चष्म्याबद्दल बोलत राहिली. वासुदेवने त्यातला शब्द न् शब्द ऐकला. वावगं काही सापडलं नाही.

सकाळी पाण्यातच ती दिसेनाशी झाली. वासुदेव बाहेर आला तेव्हा बहुतेक सायकली गेल्या होत्या, तिचीही. सायकलीपाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, “मॅडम स्वल्प मुंदे, सर.”

हे दोन शब्द त्याला येत होते. मॅडम थोड्याच पुढे आहेत.

त्याला आश्चर्य वाटलं. आज तिला पाणी जमलं नसेल, असं म्हणून त्याने पायडल मारलं. पहिल्या चौकीवर शहाळं हातात देणारी मुलगी म्हणाली, “स्वल्प मुंदे.” नंदीच्या वळणावरही तेच. उलटा वारा सुटला होता आणि त्याच्या पोटऱ्या ताठरल्या होत्या. पण प्रत्येक वळणानंतर तिची निळी टोपी दिसणार म्हणून तो मान वर काढून बघत होता. दिसत नव्हती. द्राक्षांच्या मळ्यांपाशी तो कच्चा रस्ता आला. क्षणभर त्याने ब्रेक दाबला, आतल्या धुळीकडे पाहिलं. चाकांच्या खुणा होत्या. कुणाच्याही असतील. तो मोठ्या रस्त्यानेच गेला, पण ती धूळ त्याच्या डोक्यातून गेली नाही.

पळायला लागला तेव्हा ऊन चढलं होतं. एकदा तो बाभळीखाली बसलाच. उठणार नव्हता. तेवढ्यात चौकीवरचा मुलगा पाणी घेऊन धावत आला आणि म्हणाला, “मॅडम स्वल्प मुंदे, सर. बन्नी,” आणि हाताने चला म्हणून खुणावलं. तो उठला. शेवटच्या चौकीवरच्या, तोंडावर हात ठेवणाऱ्या मुलीनेही तेच सांगितलं. उरलेलं अंतर तो जीव खाऊन पळाला.

मांडवात सुखदा बसली होती. कोरडे कपडे, विंचरलेले केस. पुढ्यात चित्रान्नाचं, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताचं पान, तेही जवळजवळ संपलेलं. त्याला पाहून ती धावत आली.

“पोचलात. मला वाटतच होतं.”

“तू कधी आलीस?”

“झाला थोडा वेळ.”

“तासाच्या वर झाला,” बाजूचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले. “सगळ्या बायकांत वहिनी तिसऱ्या पोचल्या.”

वासुदेव खुर्चीत बसला. शेवटच्या चौकीवर जी बाई थोडीच पुढे होती, ती तासाभरापूर्वी इथे कशी पोचेल? म्हणजे ती त्या चौकीवरून गेलेलीच नाही. कुठल्याच चौकीवरून गेली नसेल. मुलांना आधीच सांगून ठेवलं असेल, विचारलं तर आत्ताच गेल्या म्हणा. एकेक गोष्ट दुसरीत चपखल बसत गेली. असं जमत गेलं की कारखान्यात त्याला बरं वाटे. आत्ताही त्या बरं वाटण्याचा थोडा अंश होताच.

सुखदा त्याच्यासाठी पान आणायला गेली. तो उठून जितेंद्रकडे गेला.

“एकदा तपासून घ्या,” तो हळूच म्हणाला.

“काय तपासू, सर?”

“मिसेस सगळ्या चौक्यांवरून गेली का ते. मधून एक कच्चा रस्ता आहे.”

जितेंद्रने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या मिसेसबद्दल बोलताय?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

जितेंद्रला काय करावं सुचेना. शेवटच्या चौकीवरची मुलगी तेवढ्यात रिकामी पिंपं घेऊन परतली होती. त्याने तिलाच हाक मारली. “ऋचा, मिसेस देवतळे तुझ्याकडून कधी गेल्या?”

“खूप आधी,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली. वासुदेव चमकला. “मी शहाळं पण दिलं त्यांना. का?”

“मग मला थोड्याच पुढे आहेत असं का सांगितलंस?” वासुदेवने विचारलं.

मुलगी जितेंद्रकडे बघू लागली. “काकूंनीच सांगितलं होतं. सगळ्या पॉइंट्सना. सर कधीही येऊ देत, स्वल्प मुंदेच म्हणायचं. नाहीतर ते थांबतील, म्हणाल्या.”

वासुदेव वळला तर मागे सुखदा पान घेऊन उभी होती. किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. तिने पान टेबलावर ठेवलं.

“खाऊन घ्या,” ती म्हणाली. “निवतंय.”

तळ्याच्या बांधावर ती जाऊन बसली. थोड्या वेळाने तोही गेला.

“खोटं सांगायला लावलंस मुलांना,” तो म्हणाला.

“लावलं. त्या दिवशी टेम्पोत सायकल टाकून आलात ना, म्हणून.”

“गुडघा...”

“अहो, राहू द्या.”

पाण्यावर पाणकावळे उतरले होते.

“मला सरळ विचारायचं होतंत,” ती म्हणाली. “रागावून विचारलं असतंत तरी चाललं असतं. जितेंद्रकडे गेलात.”

“चुकलं” हा शब्द त्याने मनात दोनदा जुळवला, पण तो बाहेर पडायच्या आत ध्वनिक्षेपकावर दोघांची नावं पुकारली. एक जोडपं मध्येच थांबलं होतं, म्हणून दुसरं बक्षीस यांना मिळालं. फोटो काढणारा जवळ उभं राहायला सांगत होता. सुखदा सरकली नाही, म्हणून वासुदेव सरकला.

घरी भांडण झालं नाही. तिने माहेरी वडिलांना, अण्णांनाही काही सांगितलं नाही, आणि आठवडाभर वासुदेव याच विचारात होता, की सांगत का नाही? शेवटी त्याने विचारलंच.

“सांगून काय करू?” ती म्हणाली. “अण्णा तुम्हाला भला माणूस समजतात.”

त्यानंतर तो कारखान्यातल्या कन्नडच्या वर्गाला जाऊ लागला. तिला ते शेजारच्या नीलाबाईंकडून कळलं. रात्री जेवताना तिने विचारलं, “कन्नड शिकताय म्हणे. कशासाठी?”

“कामाला उपयोगी पडतं.”

तिने वर पाहिलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. त्याच नजरेने तो रोज सुटे भाग हातात घेत असे. आता आपण तपासले जातो आहोत हे त्याला उमगलं, आणि तपासण्यासारखं आपल्यात आहे हेही.

त्याने घास खाली ठेवला. “कामासाठी नाही. तू लोकांशी काय बोलतेस ते कळावं म्हणून सुरू केलं.”

“अजून त्यासाठीच जाता?”

“थोडं त्यासाठी. आता मास्तर बरे शिकवतात म्हणूनही.”

मग तिने त्याच्या ताटात भात वाढला. “त्या दिवशी हे असंच माझ्याशी बोलायचं होतंत,” ती म्हणाली. तो मान खाली घालून जेवला.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या नावनोंदणीच्या वेळी सुखदा म्हणाली, “मी बायकांच्या गटात एकटीचं नाव देते.” वासुदेव थोडा थांबून म्हणाला, “मग मीही पुरुषांत देतो.” तिने नको म्हटलं नाही. दोघं एकाच मॅटॅडोरमधून गेली. पोहायला उतरण्याआधी त्याने चौकीवरच्या मुलांना स्वतःच्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, की मॅडम किती पुढे आहेत ते मला सांगूच नका, मी विचारलं तरीही. मुलं हसली. कुणाला हसली याची त्याने चौकशी केली नाही.

सुखदा दुसरी आली. वासुदेव पोचला तेव्हा मांडवाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती, आणि जितेंद्रने फक्त दोन खुर्च्या मागे ठेवल्या होत्या. एकीवर सुखदा बसून होती.