अनवाणी पायांचे बूट

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर उतारा लिहीत होते. आमचे हे एवढंच म्हणाले, "दवाखान्यात ये. घाई नको करू." घाई नको करू... त्या शब्दांनीच मला सगळं कळलं. काही आशा असती तर ते 'लवकर ये' म्हणाले असते. रिक्षात बसले तरी खडू माझ्या मुठीतच होता. किशोर, माझा धाकटा दीर, गेला होता. त्याचं वय मी हल्ली कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक चुकचुकतात आणि मला त्या चुकचुकण्याचा वीट आला आहे.

आदल्या संध्याकाळी मी त्याच्यासाठी दवाखान्यात मुगाची खिचडी घेऊन गेले होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताप उतरता उतरता हृदयावर गेला. धावणारा, पोहणारा, कडोद्यापर्यंत सायकल हाणणारा पोरगा, पण बाथरूमपर्यंत जाताना त्याला धाप लागत होती. चादरीबाहेर आलेले त्याचे पाय सुजून टम्म झाले होते. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "वहिनी, बूट आपण एक नंबर मोठे घ्यायला पाहिजे होते." मी हसले. तोही हसला. बुटांवरून आम्ही दोघं हसलो ते तेवढंच शेवटचं...

मी जळगावहून लग्न होऊन सुरतेत नवागामला आले तेव्हा किशोर शाळेत होता. सासरे कापडाच्या लूमवर कामाला, सासूबाई घरी साड्यांचे धागे कापायच्या, लेसपट्टीच्या गुंडाळ्या करून त्यांना रबर लावायच्या. दोन खोल्यांचं घर, बाहेर लूमची खडखड चोवीस तास. घरात बोलणं अहिराणी, गल्लीत हिंदी, किशोरचं मित्रांशी गुजराती. माझी मराठी ऐकून तो मला 'बातम्यावाली वहिनी' म्हणायचा. पुढे सासरे गेले. किशोर कडोद्याला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर लागला आणि बस चुकते म्हणून सायकलने जायला लागला. पोहायला तो लहानपणीच शिकला होता, आजोळी, तापीच्या पात्रात. पळायचा तर तो जन्मापासूनच, विशेषतः कामं सांगितली की. कामावरच्या कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ करायची एक शर्यत असते, आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, त्याला ट्रायथलॉन म्हणतात. झालं, किशोरला खूळ लागलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसाले रे हाई समदं?" कशासाठी रे हे सगळं? किशोरचं त्यावर ठरलेलं सुरती उत्तर असायचं, "चालसे, माय!" चालेल गं. त्याचं सगळंच चालायचं.

कुठूनतरी त्याने रेसची जुनी सायकल मिळवली आणि मग विषय निघाला बुटांचा. "तुझे पांढरे बूट काय वाईट आहेत?" मी म्हटलं. त्याने मला अशा नजरेने पाहिलं की जणू मी लग्नाला झोपायचा गाऊन घालून जाऊ का असं विचारलं होतं. शेवटी एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, तो मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सायकलींच्या मोठ्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने चकचकीत बूट काढले, वर चकती फिरवली की दोऱ्या आपोआप आवळणारे. मला तर ते फारच आवडले. किशोरने हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि ठेवून दिले. मग त्याने मोजे काढले आणि दुकानदाराला म्हणाला, "शेठ, थोडं पाणी मिळेल का?" त्याने प्यायला ग्लास आणून दिला, तर हा तो घेऊन दुकानाच्या पायरीवर गेला, दोन्ही पायांवर पाणी ओतलं आणि ओले पाय घेऊन आत! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "अरे, लोक बघतायत!" तर म्हणतो, "वहिनी, मी पाण्यातून बाहेर येणार, पाय ओलेच असणार. मोजे घालायला तिथे कोण थांबणार?"

तासभर चाललं होतं ते. ओला पाय आत सरकन जायला हवा, म्हणून तोंड रुंद. आतून शिवण टोचायला नको. पाणी निघून जायला तळाला भोकं हवीत. चालत्या सायकलवर एका हाताने बंद करायचे म्हणून पट्टी एकच, तीही बाहेरच्या बाजूला उघडणारी, नाहीतर आतल्या बाजूला साखळीत अडकायची. टाचेमागे ओढायला कडी. आणि आमच्या घराण्याचे पाय पुढून फावड्यासारखे रुंद, त्यामुळे जो बूट लांबीला बसे तो बोटांना आवळे. अखेर एक काळा जोड बसला. किशोर डोळे मिटून त्यात बोटं हलवत राहिला. देवळात उभं राहतात तसा चेहरा. मी पर्स उघडायला लागले तर म्हणाला, "आज नाही. आज शनिवार. शनिवारी पायातलं घेतलं तर माय बोलणार नाही काही, पण मनात ठेवेल." मी म्हटलं, रविवारी घेतले असं सांगू की. तर नाही. जोड बाजूला ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं शहर ओलांडून पुन्हा गेला. असा होता तो. नास्तिकपणाच्या गप्पा मारायचा आणि आईचा शनिवार सांभाळायचा.

घरी आल्यावर सासूबाईंनी बूट हातात घेऊन पाहिले. तळाशी खुरासारखा एक प्लॅस्टिकचा तुकडा होता, तो पेडलमध्ये खटकन अडकतो. किशोरने बूट पेडलला अडकवूनच ठेवले. शर्यतीत ते तसेच असतात. माणूस पाण्यातून निघून अनवाणी पळत सायकलपर्यंत येतो, सायकल ढकलत नेतो, उडी मारून बसतो आणि चालता चालता पाय बुटात घालतो. तोवर बूट लोंबकळून जमिनीला घासू नयेत म्हणून टाचेच्या कडीत बारीक रबर घालून ते सायकलच्या सांगाड्याला अडकवतात. रबर कुठून? आईच्या लेसपट्टीच्या डब्यातून. रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यावर हा अनवाणी पळायचा, उडी मारायचा, टक् टक् दोन रबरं तुटायची. सासूबाई वैतागायच्या. "जाड रबर लाव ना रे!" तर तो त्यांना समजावत बसायचा, "नको माय. जाड लावलं तर तुटणारच नाही. पाय आत गेला की ते तुटायलाच पाहिजे. तोपर्यंत फक्त बूट आडवे राहिले पाहिजेत." सासूबाई मान डोलवायच्या. त्यांना किती कळत होतं मला माहीत नाही.

शर्यत जवळ आली होती. त्याने रजा टाकली होती, बॅग भरली होती. आणि ताप आला... पुढचं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेले शब्द अजून कानात आहेत आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. ज्या शर्यतीसाठी ओले पाय घेऊन एवढा तमाशा केला, ती त्याने पाहिलीसुद्धा नाही. मला याचा राग येतो. कुणाचा ते ठाऊक नाही, पण येतो.

दहाव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने चप्पल-छत्री देतात, पुढची वाट उन्हाची, काट्याची म्हणून. यांनी बाजारातून साधी चप्पल आणली होती. दान मांडत असताना सासूबाई आतून किशोरचे बूट घेऊन आल्या. पेडलवरून ते कसे काढले कोण जाणे, हाताला खरचटलं होतं. म्हणाल्या, "त्याले आवडे ना, हाईच दे." गुरुजींनी जोड हातात घेतला, उलटा केला, तळाचा तो तुकडा पाहिला आणि अगदी हळू म्हणाले, "आजी, हे घालून चालता येणार नाही." ते वाईट बोलले नव्हते. पण सासूबाईंचा चेहरा पाहवेना. त्या माझ्याकडे वळल्या. निवडायला मीच गेले होते ना. "चालता येस नही? मंग मना पोऱ्या अनवानी गया?"

माझा पोरगा अनवाणी गेला... सगळे माझ्याकडे बघत होते. वर्गात मुलांना समजावते तसं मी बोलायला लागले. "आई, तो अनवाणीच पळायचा ना. आठवतं? पाण्यातून निघायचं आणि अनवाणी पळायचं. तेवढी वाट अनवाणीच असते. बूट पुढे असतात, सायकलवर." त्यांनी बूट छातीशी धरले. मग विचारलं, "बूट पुढे शेतस?" मी म्हटलं, "हो. पुढे आहेत." त्यांनी चप्पल गुरुजींकडे सरकवली आणि बूट घेऊन घरात गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडून त्यांनी ते पुन्हा पेडलला लावून घेतले. मला जमत नव्हतं. खटकन आवाज आला तेव्हा आम्ही दोघी एकदमच रडलो.

काही आठवडे झाले. सायकल आतल्या खोलीत भिंतीला टेकून आहे. हे एकदा दबक्या आवाजात म्हणाले, कुणा गरजू पोराला देऊन टाकू. मी डोळ्यांनीच गप्प केलं. सुरतेच्या दमट हवेत ती बारीक रबरं टिकत नाहीत, आपोआप चिकट होऊन तुटतात. परवा शाळेतून आले तर सासूबाई सायकलपाशी जमिनीवर बसलेल्या. लेसपट्टीचा डबा शेजारी. डाव्या पायाचा बूट लोंबत होता. त्यांनी डब्यातली रबरं चाळली, एक जाड हाताशी आलं ते बाजूला ठेवलं आणि बारीक शोधून काढलं. टाचेच्या कडीत घातलं, सांगाड्याला अडकवलं आणि मान वाकवून बूट आडवा झाला का ते पाहिलं. मी दारात उभी आहे हे लक्षात आल्यावर जरा ओशाळल्या.

"रबर तुटी गयं व," त्या म्हणाल्या. "बूट खाले लटकी ऱ्हायंता. मना पोऱ्याना पाय कसा जाई त्यामा?"