नवरीचं नाव

"पोरीचा नाव काय?" कानावर हात ठेवून ती आधी हे विचारायची. नाव कळल्याशिवाय तिचा आवाज निघायचाच नाही.

बेलपाड्याची ही धवलारीण. टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते: आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून लेक सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात, तो गाणारी बाई. सगळे तिला बाय म्हणत. नवरीचं नाव गाण्यात गुंफल्याशिवाय लग्न लागलं असं ती मानायचीच नाही. मी पनवेलच्या बाजारात नवऱ्यामुलींचे ब्लाउज शिवते, त्यामुळे आमची गाठ मांडवामांडवात पडायची.

माझ्या शेजारी सायराच्या अब्बांचं अत्तराचं दुकान. सायराच्या हळदीला बाय न बोलावता गेली. दारातच नाव विचारलं आणि ते घालून गायली. मग तिकडच्या बायकांनी आपली गाणी काढली. दुपारभर नुसता धुमाकूळ. याला कुणी सांस्कृतिक देवाणघेवाण म्हटलं नाही.

मग एक संस्था आली. लोककला जपायची, जगातली माणसं जवळ आणायची, असं काय काय बोलत होते. कॅमेरा लावून म्हणाले, गा.

"नवरी नाय, त धवला कोनाला?" बाय म्हणाली.

त्यांनी हसून सांगितलं, कुठलंही नाव घाला. कुठलंही! शेवटी तिने आपल्या नातीला, दर्शनाला समोर बसवलं आणि तिचं नाव घेतलं. नंतर मला म्हणाली, ही नुसती तालीम. खरा धवला तिच्या मांडवात. तेवढ्यासाठीच जगतेय, असं ती उघड बोलायची.

दर्शनाचं लग्न खारघरच्या लॉनवर झालं. नवं लुगडं नेसून बाय पहिल्या रांगेत बसली होती. घसा बसू नये म्हणून सकाळपासून थंड पाण्याला शिवली नव्हती. ती माईककडे जायला उठली, तर तिच्या मुलाने, दर्शनाच्या बापाने, हाताला धरून खाली बसवलं.

"आये, नको दमू. तुजाच आवाज हाय, नाव पन आपल्या पोरीचाच हाय."

आणि स्पीकरवर रेकॉर्डिंग लागलं, वर डीजेचा ठेका चढवलेलं. बायने माझ्याकडे पाहिलं. "मंग माजा काय काम?" एवढंच म्हणाली आणि तोंड मिटून स्वतःचा आवाज ऐकत बसली. मला इतका संताप आला की मी जेवायलाही थांबले नाही.

त्यानंतर ती कुठेच गायली नाही. कुणी बोलावलंही नाही. रेकॉर्डिंग सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. गणपती गेले आणि पाठोपाठ तीही गेली. संस्थेने तिचा फोटो लावून खाली लिहिलं, 'वारसा जपला'. जपला म्हणे. डोंबल!

परवा प्रणालीच्या हळदीला गेले होते. ब्लाउज माझाच होता. सायराही सोबत आली होती. हळद लागायला लागली आणि तोच आवाज सुरू झाला. मांडवभर दर्शना, दर्शना. प्रणालीची आई ठेक्यावर टाळ्या वाजवत होती, करवल्या नाचत होत्या. एकट्या सायराने माझा हात धरला.

"ताई, नवरी तर प्रणाली ना? मग बाय दर्शनाचं नाव का घेतायत?"