मुसल्लसाचा त्रिकोण झाला ते वर्ष

पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा औरंगाबादेत मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात आम्ही सातजणी. चौघींच्या घरी मराठी, तिघींच्या घरी उर्दू. पण शाळेत शिकायची भाषा सगळ्यांना एकच, उर्दू. मराठीचा तास आठवड्यातून तीनदा व्हायचा. त्यात कविता पाठ करायच्या आणि निबंध लिहायचा. हिसाब म्हणजे गणित, भूमिती, इतिहास, विज्ञान सगळं उर्दूतून.

माझं घर पाचोडचं. शाळेसाठी मी गुलमंडीजवळ मामांकडे राहायचे. गावातल्या माझ्या बरोबरीच्या पोरींची लग्नं होऊन त्यांच्या कडेवर लेकरं आली होती. वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, भावकीचं न ऐकता मला शहरात ठेवलं होतं. पण त्यांच्याही सोसण्याला हद्द होती. त्या वर्षी शाळा उघडताना मला सोडायला आले, तेव्हा मामांच्या ओट्यावर बसून म्हणाले, "हे बघ पोरी, यंदा मॅट्रिक झालीस तर पुढं तू म्हणशील तसं. पण वरीस वाया गेलं, तर मग माझ्या हातात काय ऱ्हायचं नाय. लोकं लई बोलायलेत."

"वाया जायचं नाय, दादा," मी म्हणाले. भूमितीत माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, म्हणून एवढा ताठा.

पंधरा दिवसांत सरकारी हुकूम आला. आमच्या मुख्याध्यापिकेनं तो वर्गात वाचून दाखवला. त्यांना आम्ही आपा म्हणायचो. उंच, सडसडीत बाई. भूमिती त्याच शिकवायच्या आणि खडूची भुकटी त्यांच्या ओढणीवर कायम असायची. हुकमात होतं, की यापुढे शाळेत शिकवणं मराठीतून होईल आणि याच वर्षापासून परीक्षाही मराठीतूनच होईल.

आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी. आपली भाषा आता शाळेत आली, याचा आनंद मला खरोखरच झाला होता. माझ्या शेजारी चार वर्षं बसणारी मैत्रीण मात्र वहीत डोकं घालून बसली. ती सिल्लोडची, कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या अब्बांनी तिला आधीच सांगितलं होतं, की शाळा मराठी झाली तर तू घरी ये.

माझी टाळी शुक्रवारपर्यंत टिकली. मामांनी पुण्याहून भूमितीचं मराठी पुस्तक मागवलं होतं. मी ते हौसेनं उघडलं आणि पहिल्याच पानाला अडखळले. 'कर्णावरील चौरस' असं काहीतरी होतं. कर्ण मला महाभारतातला तेवढा माहीत. समद्विभुज, लघुकोन, समांतर... माझ्याच भाषेतले शब्द, आणि एकही ओळखीचा नाही. मला त्रिकोणाला मुसल्लस म्हणायची सवय, कोनाला जाविया, काटकोनाला जाविया कायमा, चौरसाला मुरब्बा, आणि कर्ण म्हणजे वतर. पुस्तक मिटलं आणि वर माळवदावर जाऊन रडले.

आपांनी तालीमात खात्याला, म्हणजे शिक्षणखात्याला, अर्ज केला. नव्या वर्गांना हुकूम आजच लागू करा. फक्त या सातजणींना, ज्या सात वर्षं उर्दूतून शिकल्या, शेवटची परीक्षा उर्दूतून देऊ द्या. दोन ओळींचं उत्तर आलं, की नियमात सवलतीची सोय नाही. आपांनी दुसरा अर्ज केला. त्याला उत्तरच नाही. महिनाभर वाट पाहून एके दिवशी त्या वर्गात आल्या, पण खडू उचललाच नाही.

"अर्जीकू जवाब नई आता तो अर्जीवालियां खुद जाना," त्या म्हणाल्या. "चलो, सब उठो."

पडदे लावलेल्या दोन टांग्यांतून आम्ही कचेरीत गेलो. अधिकारी नवे होते, नागपूरकडून आलेले. खादीचा कोट, जाड भिंगांचा चष्मा. त्यांना उर्दू समजत नव्हती, आपांना मराठी बोलता येत नव्हतं. म्हणून मधे मी. आपा एक वाक्य बोलायच्या, मी ते मराठीत सांगायची. अर्ज सांगून झाला तसे साहेब माझ्याकडेच वळले.

"तू मराठी ना?"

"हो."

"तुला तुझ्या भाषेत शिकता यावं म्हणून लोक तुरुंगात गेले. आणि तू उर्दू मागायला आलीस? लाज नाही वाटत?"

माझे कान तापले. हे आपांना कसं सांगायचं, तेच कळेना. मग सांगायचं सोडून मी माझंच बोलून गेले. "वाटते साहेब. माझ्याच भाषेत मला भूमिती सांगता येत नाय, याची लई लाज वाटते. मराठी मला पायजेच. पण ती सहा महिन्यांत यायची नाय. आणि वर्ष गेलं तर माझी शाळा सुटली. हिची तर सुटल्यातच जमा." मी मैत्रिणीकडे बोट केलं.

साहेबांनी चष्मा काढला. "विषय येत नाही म्हणून भाषेच्या आड लपणारे मी पुष्कळ पाहिलेत. तुम्हाला विषय येतो, हे मी कशावरून मानायचं?"

हे मात्र मी उर्दूत न सांगताच आपांना समजलं. त्यांनी बटव्यातून खडू काढून माझ्या हातात ठेवला आणि खाली शहाबादी फरशीकडे डोळ्यांनी खूण केली.

मी उकिडवी बसले. काटकोन त्रिकोण काढला, तिन्ही बाजूंवर तीन चौरस काढले आणि बोलायला लागले. "साहेब, हा मुसल्लस. ह्याचा हा जाविया कायमा. ह्या वतरावरचा मुरब्बा..."

"वतर म्हणजे?"

"ही. तिरकी रेघ."

"कर्ण," ते म्हणाले.

"कर्ण," मी म्हणाले. "कर्णावरचा मुरब्बा म्हणजे ह्या दोन मुरब्ब्यांची बेरीज."

अर्ध्यावर गेले आणि पुढची रेघ कुठून टाकायची, ते डोक्यातून निघून गेलं. रोज झोपेतसुद्धा येणारं प्रमेय! तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. सिल्लोडची माझी मैत्रीण. तिनं माझ्या हातातला खडू घेतला, काटकोनाच्या टोकापासून सरळ खाली उभी रेघ ओढली आणि उर्दूत पुढचा भाग सांगू लागली. तिच्या आवाजाबरोबर मलाही सगळं आठवलं. एक पायरी तिची, एक माझी. ती उर्दूत, मी माझ्या धेडगुजरी मराठीत. साहेब कधी खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून आमच्याजवळ येऊन उकिडवे बसले, ते मला कळलंसुद्धा नाही. त्यांचं बोट तिच्या खडूच्या मागोमाग फरशीवर फिरत होतं. शेवटची पायरी आली.

"साबित हुआ," ती म्हणाली.

"सिद्ध झालं," साहेब त्याच क्षणी म्हणाले.

मग ते उठले, हात झटकले, खुर्चीत बसले. "परवानगी देणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण मी हैदराबादला लिहितो. माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं, तेही लिहितो. मात्र एक कबूल करा. उत्तर येईपर्यंत रोज मराठी शब्द शिकायचे."

मी आपांना सांगितलं. आपांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मैं बी सीखूंगी, बोल साबकू."

आणि शिकल्या. शाळा सुटल्यावर तासभर आम्ही आठजणी बसायचो. वहीत एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. मामांच्या पुस्तकातून मी शब्द सांगायची. आपांच्या तोंडी समद्विभुज काही बसेना. त्या 'समदीबुज' म्हणायच्या, आम्ही फिदीफिदी हसायचो, आणि त्या आमच्यापेक्षा जास्त हसायच्या. मी आपांची मास्तरीण झाले होते, याचा मला कोण गर्व!

संक्रांत होऊन गेली तरी उत्तर नाही. सिल्लोडहून मैत्रिणीला न्यायला माणूस येऊन गेला. आपांनी त्याला चहा पाजून, आठ दिवस थांबा म्हणून परत पाठवलं. त्याच आठवड्यात, भर दुपारी, अवेळी शाळेची घंटा वाजायला लागली. थांबेचना. आम्ही धावत बाहेर आलो तर आपा स्वतः दोरी ओढत होत्या, ओढणी खांद्यावरून घसरलेली, दुसऱ्या हातात हैदराबादचा कागद. प्रश्न दोन्ही भाषांत छापले जातील आणि यंदापुरतं मुलींनी दोन्हींपैकी हव्या त्या भाषेत उत्तरं लिहावीत. आणि ही मुभा फक्त आम्हाला नव्हती. जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या अडकलेल्या सगळ्या शाळांना होती! आम्ही तर सातजणींपुरतंच मागायला गेलो होतो.

परीक्षेत मी भूमिती उर्दूत लिहिली आणि इतिहास हट्टानं मराठीत. निकाल लागला तेव्हा सातच्या सात पास. सिल्लोडची पहिली आली, मी दुसरी. भूमितीत मात्र मी तिच्या पुढे होते, हे आजही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा पाचोडहून बैलगाडी जुंपून आले. गाडीत आंब्यांच्या दोन पाट्या. एक मामांकडे, एक शाळेत. शाळेच्या दारात ते पागोटं सावरत उभे राहिले. मुसलमान बाईशी, तेही शिकलेल्या, काय बोलावं, त्यांना सुचेना. आपाच पुढे आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला पुढे शिकवा."

वाक्य नक्कीच पाठ केलेलं होतं, पण एकही अक्षर चुकलं नाही. दादांनी दोन्ही हात जोडले. "बाई, आता तिला अडवतंय कोण?"

वाटेत त्यांनी विचारलं, "काय शिकायचं म्हनतीस?"

"हिसाब."

"आन् तो कोन्या भाषेत हाय कालेजात?"

"तिथं इंग्रजीत, दादा."

दादा थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि रस्त्यावरचे लोक वळून पाहतील इतक्या मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि फॉर्मवर मोडीत झोकदार सही केली. खिडकीपुढच्या रांगेत सिल्लोडची माझी मैत्रीण तिच्या अब्बांबरोबर आधीच उभी होती. तिनं मला हाक मारून आपल्या पुढं घेतलं.