आत्याला हात धुवायला सांगितलं तेव्हा

आजारी लेकराला भेटायला जाताना तुम्ही हात कुठे धुता? की चप्पल बाहेर काढली म्हणजे झालं?

माझी तीन वर्षांची भाची न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होती, श्वासाच्या मशीनवर. न्यूमोनिया उतरत होता. पण नर्सने ताईला बजावलं होतं : तोंडात श्वासाची नळी, मानेच्या शिरेत औषधाची, आता बाहेरून नवा जंतू आत गेला तर पोरीला झेपणार नाही. ताई बाकावर बसल्या बसल्या झोपायची. दाराशी मी.

आमची माणसं दिघ्याहून, पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांतून सुटून थेट येत. देवळात शिरावं तशी दाराबाहेर चपला काढत. वाकून बोटांनी पट्टा सोडवत आणि तीच बोटं घेऊन पोरीच्या गालाकडे निघत. प्रत्येकाला दाराशेजारच्या बेसिनकडे वळवायचं, प्रत्येकाचं उतरलेलं तोंड बघायचं. शेवटी शेवटी बोलायचंही त्राण उरलं नाही. नुसतं बोट दाखवायचे.

आत्यालाही दाखवलं. ती जागची हलली नाही.

"तुझ्या बापानं जन्मभर पत्रकं वाटली, शिवाशीव मोडा म्हणून. आन् तू मला सांगतीस, पोरीला शिवू नको?"

त्याच पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. म्हटलं, शीव, पण हात धुऊन. यावर तिने विचारलं, आमचेच हात घाण, मग डॉक्टरांचे?

तेवढ्यात डॉक्टर आलेच, मोबाइलवर बोलत. फोन खिशात टाकून त्याच हाताने दार ढकललं. भांडायची ताकद नव्हती. पण आत्या बघत होती आणि तिचं म्हणणं खरं होतं.

"डॉक्टर, हात धुतले नाहीत तुम्ही."

नर्सने मान खाली घातली. डॉक्टर बेसिनकडे वळले. आत्या त्यांच्यामागे जाऊन नंबर लावल्यासारखी उभी राहिली.

"नीट चोळा, सायेब. मी हाय मागं."

मग तिने बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात धुतले आणि पोरीचं पाऊल हातात धरलं. ताईला जागही आली नाही.

भाची घरी आली. ते आमच्या हात धुण्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या खाटेवर आज दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू आहे. त्याला भेटायला जाल तेव्हा आधी साबणाने हात धुवा, त्याच्या आईला दिसेल असे, म्हणजे तिला सांगावं लागणार नाही. डॉक्टर विसरले तर त्यांनाही सांगा. हे एकटीने सांगत राहणं फार दमवतं.