हातमोज्यांविरुद्धचा अर्ज

कांदिवलीच्या गावठाणातला अर्बन रोज सकाळी मशीनपुढे उभा राहण्याआधी लग्नाची अंगठी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. गळ्यातला क्रूस खिशात जायचा, बाह्या कोपराच्या वर. मालाडच्या पंख्यांच्या कारखान्यात त्यानं बावीस वर्षं ड्रिल चालवलं आणि दहाही बोटं शाबूत ठेवली. त्याची बायको हिल्डा मात्र अंगठी उतरवण्यावरून कुरकुरायची. तो म्हणायचा, बोटच गेलं तर घालू कुठे?

फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा घालायचा नाही, हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. हात पुसायच्या फडक्याचा एक धागा ड्रिलला गुंडाळला गेला की अख्खं फडकं गरकन आत जातं. हातमोज्यात तर हात असतो.

अशाच नव्यांपैकी एक काशीराम, मालवणाकडचा, तिशी उलटलेला. अर्बननं त्याच्या मनगटावरचा देवाचा गंडासुद्धा सोडायला लावला. दुपारच्या सुट्टीत लोखंडी पत्र्यावर खडूनं गिरवून घेत त्याला सही शिकवली. सहीपलीकडे काही वाचायला शिकण्याइतका वेळ दोघांनाही नव्हता.

त्र्याहत्तर साली कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचं खूळ शिरलं. शिवदाससाहेब नवे सुरक्षा अधिकारी. आयुष्यात साधा पंखा उघडून पाहिलेला नसेल, पण छाप पाडायची हौस दांडगी. फोटोग्राफर येणार, पाहुणे येणार, तेव्हा ड्रिलवरच्या सगळ्यांनी पांढरे हातमोजे घालायचे, असं त्यांनी तोंडी फर्मान सोडलं. अर्बन समजवायला गेला. साहेब म्हणाले, काय ते लिहून द्या.

तो भोळा माणूस खरंच लिहून द्यायला निघाला. त्यांच्या गावठाणात कुणी एकट्याच्या नावानं अर्ज करत नाही. विहिरीचा गाळ काढायचा असो की चर्चची घंटा दुरुस्त करायची असो, पाद्रीबाबांकडे कागद जातो तो ‘आम्ही खाली सही करणारे’ म्हणून. एकटा पुढे झाला तर त्याला शहाणा म्हणतात. म्हणून मुलीनं, एथेलनं, वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: ड्रिलवर हातमोजे घालणं जिवावरचं आहे, हे आम्हा सर्वांना पक्कं ठाऊक आहे. खाली अर्बननं सही केली आणि कागद काशीरामपुढे धरला. काशीराम कचरत होता.

“कर रे, तुझ्याच बोटांसाठी आहे,” अर्बन म्हणाला.

काशीरामनं जीभ दातांत धरून सही केली. पगारपत्रकाबाहेरची ती त्याची पहिली सही. बाकीच्यांनी सह्या केल्या नाहीत. ते शहाणे निघाले.

अर्जाला उत्तर आलं नाही. फोटोच्या दिवशी अर्बनला पॅकिंगमध्ये पाठवलं, कारण तो हातमोजे घालणार नाही हे साहेबांना ठाऊक होतं. काशीरामला पाठवायची गरज नव्हती. साहेब जवळ उभे राहिले की तो नाही म्हणू शकत नसे. फोटो निघाला, पाहुणे चहाला गेले, आणि कामाची घाई असल्यामुळे हातमोजे काढायचं कुणी सांगितलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत काशीरामच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

चौकशी बसली. चूक कंपनीची ठरली तर काशीरामला स्टोअरमध्ये हलकं काम द्यायचं, त्याची ठरली तर घरी पाठवायचं. हातमोजे घालायचा हुकूम कुठल्याही कागदावर नव्हता. कागद एकच होता. तो अर्बनपुढे ठेवून विचारलं, ही तुमची सही का? हो. ही काशीरामची? हो. सही केली म्हणजे वाचलं असणारच, म्हणजे धोका त्याला माहीत होता? साहेबांनी घालायला लावले होते, हे अर्बननं दोनदा सांगितलं. विचारलं तेवढंच बोला, असं उत्तर मिळालं. ज्या कागदानं हात वाचायचा, त्याच कागदानं नोकरी खाल्ली, आणि तो कागद आपण आपल्या मुलीकडून सुंदर अक्षरात लिहून घेतला होता, याचा अर्बनला संताप आला.

हिशेब घ्यायच्या दिवशी तो काशीरामबरोबर ऑफिसात गेला. कारकुनानं कागद सरकवला, हाताचं बँडेज पाहिलं आणि शाईची गादी पुढे केली. डाव्या हातानं सही जमेल, आपण शिकवू, महिन्याभरात येईल, असं अर्बन घाईघाईनं सांगू लागला.

काशीरामनं डावा अंगठा गादीवर दाबला.

“आता ह्याच बरा, अर्बनभाऊ,” तो म्हणाला. “आंगठ्याक वाचूक येता, असा कोण म्हणाचो नाय.”