कागदात नसलेली दारं

माझी पिशवी अध्यक्षसाहेबांनी स्वतःच्या हातानं उलटी केली नाही. माझ्या पिशवीला ते हात लावत नसत. त्यांनी शिपायाला सांगितलं, "हालव तिची थैली. पाहू दे काय काय घेऊन चालली."

शिपायानं हालवली. फडक्यात बांधलेली भाकर पडली. ठेचा पडला. पोराच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. एक कंगवा. आणि जुनं लुगडं फाडून केलेल्या, दर महिन्याच्या माझ्या घड्या. त्याही फरशीवर पसरल्या. गादीवर बसलेले दोन व्यापारी हसले. मॅनेजर भिंतीकडे पाहत राहिला.

"ग्राहकांची कार्डं कुठं लपवली वं?"

"लपवली नाई साहेब. सारी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. पावतीबुकही ठेवलं."

"तुम्हा लोकांचा काय भरवसा. उचल हे. आणि चालती हो."

मी वाकले. सगळ्यांसमोर एकेक वस्तू उचलली. पायरी उतरत होते तेव्हा मागून आवाज आला, "तिथं पाणी टाकून घे रे."

मी चोरी करायला गेले नव्हते. राजीनामा द्यायला गेले होते.

ही इतवारीतली पतसंस्था. भांड्यांच्या दुकानांवरचा पहिला मजला, आत पांढरी गादी, तक्के, कोपऱ्यात थंड पाण्याचा माठ. मी तिथं पिग्मी एजंट होते. म्हणजे रोज दारोदार जायचं, लोकांची रोजची थोडीथोडी बचत गोळा करायची, पावती फाडायची आणि संध्याकाळी संस्थेत भरायची. नवरा मिलमध्ये होता, छातीच्या दुखण्यानं गेला. मी चौथी शिकलेली. बेरीज-वजाबाकी यायची. तेवढ्यावर हे काम मिळालं.

मला दिलेली दारं फक्त आमच्या वस्तीतली. सक्करदऱ्याकडची वस्ती. सगळी घरं आमचीच, दीक्षा घेतलेली. मी लहान होते तेव्हा बाप मला खांद्यावर बसवून दीक्षेला घेऊन गेला होता. त्या दिवशी आम्ही जुना धर्म सोडला. इतवारीतल्या पायऱ्यांनी काही सोडलं नव्हतं. संध्याकाळी मी पैसे घेऊन गेले की कॅशियर पितळी ताट पुढं सरकवायचा. मी ताटात पैसे टाकायचे, तो ताटातून उचलायचा. पैशाला विटाळ नव्हता. माझ्या हाताला होता.

आज टाय लावलेली माणसं पैशाचा सल्ला देतात आणि लोक त्यांना सल्लागार म्हणतात. मी तेच काम चपला झिजवून करत होते. खातं कोणाच्या नावावर ठेवू, नवऱ्याला सांगू का नको, लेकीच्या लग्नाचं मोडू का राहू देऊ, हे बाया मलाच विचारायच्या. संस्थेचं नाव अर्ध्या जणींना ठाऊक नव्हतं. त्यांना मी ठाऊक होते.

संस्थेची एक रीत होती. आमच्या वस्तीचं सगळं घरपोच. पैसे घरून न्यायचे. काढायचे असतील तर अंगठा घरी घ्यायचा, रोख मी पोचवायची. वर्षाच्या कार्यक्रमाला बाकीचे खातेदार गादीवर बसून पेढे खायचे. आमच्या वस्तीचे पेढे पोत्यात भरून माझ्या डोक्यावर यायचे. मला ती सोय वाटायची. आपल्या बायांची मजुरी बुडत नाही, म्हणून मी संस्थेचे आभार मानायची.

गिरजाबाईनं माझे डोळे उघडले. ती इतवारीतच एका आडत्याच्या गोदामात धान्य निवडायची. संस्थेच्या दारावरून रोज जायची. एका वर्षी पेढा तोंडात टाकता टाकता ती म्हणाली, "काहून वं बाई, मी रोज त्याच गल्लीत मरून राहिली. मंग माहा पेढा इथवर चालत काहून येते? मलेच वर बोलवाले काय झालं?"

मी म्हणाले, "सोय आहे ते."

"कोणाची?"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला विचारलं, पुढच्या वर्षी आमच्या बायांना कार्यक्रमाला बोलवाल का. त्यानं आत जाऊन विचारलं. आतून अध्यक्षसाहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "त्या बाया गादीवर? मग गादी कोण धुणार, तुझी माय?"

त्याच सुमारास शाळामास्तर आणि मिलकामगारांनी मिळून एक नवी पतसंस्था काढली. त्यांनी मला बोलावलं. टेबल देऊ म्हणाले, खुर्ची देऊ म्हणाले. मी राजीनामा लिहिला आणि गेले. पुढं काय झालं ते वर सांगितलंच.

राजीनाम्याला आठवडा झाला नाही तोच वकिलाची नोटीस आली. इंग्रजीत. घरात कोणालाच वाचता आली नाही. ती घेऊन मी कोर्टाच्या आवारात गेले. तिथं टिनाच्या शेडखाली आमच्या समाजाचा एक तरुण वकील बसायचा. त्यानं वाचली आणि विचारलं, "कामावर लागताना स्टॅम्पपेपरवर सही केली होती काय?"

केली होती. वाचायला कोणी दिला नव्हता. इथं सही कर म्हणाले, मी केली.

त्यानं मला अर्थ सांगितला. काम सोडल्यावर दोन वर्षं, मी ज्या दारांवरून बचत गोळा करत होते त्या एकाही दारी मी कोणत्याही बचतीसाठी जाणार नाही. गेले तर कामाला लागताना भरलेली माझी अनामत जप्त आणि वर दावा. कागदाला यादी जोडलेली. आमच्या वस्तीतलं एकेक घर.

"हे चालते काय कायद्यात?" मी विचारलं.

"नोकरी सोडलेल्या माणसानं पोट भरू नये, असं कोणी लिहून घेतलं तर कायदा ते मानत नाही," तो म्हणाला. "पण ते कोर्टात ठरेपर्यंत तुमचा पोरगा मिशा काढीन. तोवर ते तुम्हाले तारखांनीच मारतीन."

"मंग मी का करू? चूल कशी पेटन?"

"ऐका. त्यांची कार्डं, पावत्या, शिक्का, काही जवळ ठेवू नका. जमा केल्याची पोच माझ्या पत्रानं मागू. त्यांच्या संस्थेबद्दल वाईट शब्द बोलू नका. त्यांच्या ग्राहकाचा कोणता हिशेब कोणाले सांगू नका. तिथं ते तुम्हाले खरंच पकडू शकतात. आणि त्या दारांवर जाऊ नका. पण कोणी तुमच्या दारी आलं, तर कागद त्याच्याबद्दल काही बोलत नाही."

मी ते पाळलं. वस्तीत राहून वस्तीत कोणाच्या दारी गेले नाही. शेजारणीकडे विस्तव मागायला जायची चोरी झाली. नव्या संस्थेतल्या खुर्चीवर मी रिकामी खातेवही घेऊन बसायची. मला टक्केवारीवर पैसे मिळायचे आणि टक्केवारी काढायला काही नव्हतं. पोराचं औषध थांबलं. रात्रभर तो खोकायचा आणि मी अध्यक्षाचं तोंड आठवत पडायची. रडत नव्हते. मला त्याचं नुकसान पाहिजे होतं.

माझ्या जागी अध्यक्षानं स्वतःचा पुतण्या पाठवला. तो वस्तीत शिरायचा नाही. रस्त्यावर स्कूटर लावून हॉर्न वाजवायचा. बायांनी पोरं कडेवर घेऊन, ओल्या हातानं पळत बाहेर यायचं. एकदा गिरजाबाईनं त्याला पाणी पुढं केलं. त्यानं ग्लासाकडे पाहिलं आणि स्कूटरला किक मारली.

"आमचे पैसे काढून दे बाप्पा," बाया म्हणू लागल्या.

त्यानं काकाला विचारलं. काकानं नवा नियम केला. यापुढं घरपोच रोख नाही. ज्याला पैसे काढायचे त्यानं स्वतः संस्थेत यावं, साहेबांसमोर अंगठा द्यावा. त्याला वाटलं, या बाया घाबरतील. त्या पायऱ्या चढायची त्यांची छाती होणार नाही. पैसे पडून राहतील.

गिरजाबाई माझ्या दारी आली. "का करू वं?"

"मी काही सांगू शकत नाई. पैसे तुहे, पाय तुहे."

एवढंच बोलले. पुढं तिनं काय केलं ते तिचं.

धान्यबाजार बंद असायचा त्या दिवशी सगळी वस्ती इतवारीत गेली. मीही गेले. पाहायला गेले होते, खोटं कशाला बोलू. समोरच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्याखाली उभी राहिले. बाया पायऱ्या चढत होत्या. लेकरं, म्हाताऱ्या, बाळंतीण सुद्धा. वर खुर्च्या कुठं होत्या? पांढऱ्या गादीवरच बसल्या. तान्ही पोरं तक्क्याला टेकवली. उन्हातून चालत आलेल्या, तहान लागलेली. माठ दिसला. प्याल्या. आत जागा उरली नाही तशी रांग जिन्यावरून गल्लीत आली.

गल्लीतले व्यापारी दुकानाबाहेर आले. संस्थेपुढं पैसे मागणाऱ्यांची रांग त्यांनी कधी पाहिली नव्हती. एक म्हणाला, "काय झालं गा? बुडाली काय?" दुसऱ्यानं ते तिसऱ्याला प्रश्न म्हणून नाही, बातमी म्हणून सांगितलं. घटकाभरात पगडीवाले, चष्मेवाले, सगळे आपापली पासबुकं घेऊन आमच्या बायांच्या मागं रांगेत उभे. पुढं सरकू पाहणाऱ्या एकाला गिरजाबाईनं हटकलं. "ओ शेटजी, लाइन आहे. मागं."

तो मागं गेला.

अध्यक्ष खाली आला. अनवाणी. वर चपला कुठं गेल्या त्याला सापडल्या नसतील. त्यानं मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता.

"बाई," तो म्हणाला. पहिल्यांदा बाई म्हणाला. "सांगा यांना. घरी जा म्हणा. उद्या प्रत्येकीच्या घरी पैसे पोचवतो. तुमच्याच हातानं पोचवतो."

"मले त्यांच्या दारी जाता येत नाई, साहेब. तुमीच लिहून घेतलं."

"अहो, मी सांगतो ना आता!"

"तुमी तोंडानं सांगता. माही सही कागदावर आहे."

"माझी अब्रू चालली इथं!"

"हाव. दिसून राहिलं मले."

मी त्याच्या डोळ्यांत पाहून बोलले. तो हात जोडायच्या बेतात होता. मी वाट पाहिली. जोडले असते तरी मी हलले नसते. तो वळला आणि पुन्हा त्याच रांगेतून, आमच्या बायांना अंग घासत, वर गेला. जिना अरुंद होता.

संस्था बुडाली नाही. अशा लोकांचं सहसा बुडत नाही. सासरच्या मंडळींकडून पैसा आणून त्यानं त्या दिवशी सगळ्यांना दिला. आमच्या बाया एकेक करून माझ्या दारी आल्या आणि त्यांनी नव्या संस्थेत खाती उघडली. माझी अनामत त्यानं शेवटपर्यंत दिली नाही. दुसरी नोटीस पाठवली, की मी ग्राहक पळवले. माझ्या वकिलानं उत्तर दिलं, की पक्षकार कोणाच्या दारी गेली ते दार दाखवा. त्याला दार दाखवता आलं नाही.

मग मॅनेजर आला. माझ्या घरी, वस्तीत. दाराशी घुटमळत म्हणाला, "साहेब म्हणतात, परत या. नोटीस मागं घेतो. खुर्ची देतो."

"माही थैली हालवली ते चूक झाली, असं लिहून देते काय तो?"

"ते कसं लिहून देतील, बाई?"

"मंग जा."

तो गेला. मी पेटीतून त्या कागदाची नक्कल काढली आणि पुन्हा वकिलाकडे गेले. म्हटलं, यादी मला हळूहळू वाचून दाखवा. त्यानं वाचली. आमची घरं. फक्त आमची. इतवारीतलं एकही दुकान त्यात नव्हतं. त्याच्या नातेवाइकांचं नाही, त्याच्या जातीतल्या कोणाचं नाही. मी त्यांच्या पायऱ्या चढेन आणि तुमचं खातं मला द्या म्हणेन, असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. आमच्यासाठी कुंपण घातलं आणि स्वतःची गल्ली उघडी ठेवली.

"इथं गेली तर चालते?"

वकील हसला. "कागदाची काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला मी इतवारीत गेले. पहिलं दुकान अध्यक्षाच्या साळ्याचं, म्हणजे त्याच्या बायकोच्या भावाचं, पितळी भांड्यांचं. चप्पल घालूनच पायरी चढले. तो गल्ल्यावर बसलेला. मला ओळखलं. तोंड वाकडं झालं.

"काय पाहिजे?"

"तुमचं खातं."

"हो बाहेर!"

मी झाले. शेजारच्या दुकानात चढले. तिथूनही काढलं. तिसरीकडे चढले. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत अध्यक्ष उभा होता. उभाच राहू दे म्हटलं, पाहू दे. उद्या परत येईन. परवा येईन. रोज संस्था उघडायच्या वेळी येईन. व्याज अर्ध्या टक्क्यानं जास्त आहे आमचं, आणि व्यापारी माणूस जातीपेक्षा अर्धा टक्का लवकर मोजतो. याचं एकेक माणूस याच्या डोळ्यांसमोर काढून नेईन. साळा सगळ्यात शेवटी. आणि तोही माझ्या हातात पैसे देईल. ताटात नाही, हातात.

मी चौथ्या दुकानाची पायरी चढले.